शिपायाच्या अंगावर उठलेला हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या कोराडीच्या जगदंबेबद्दल एक श्रद्धा आहे. आई सकाळी बालिकेच्या रूपात दिसते, दुपारी तरुणीच्या आणि सांजेला प्रौढेच्या. मूर्ती एकच, पण पाहणाऱ्याला रूपे तीन. आज मला बोलायचे आहे ते देवधर्मावर नाही, कायद्याच्या एका कलमावर. पण त्या कलमाचेही असेच आहे. पोलीस शिपायाला ते एका रूपात दिसते, ज्याच्यावर ते लागले त्याला दुसऱ्या रूपात आणि इतिहास चाळणाऱ्याला तिसऱ्याच. कर्तव्यावर असलेल्या पोलिसावर हात उगारला तर शिक्षा किती असावी, एवढाच या कलमाचा प्रश्न. तो वारंवार विचारला जातो आणि वारंवार एकच उत्तर मिळते: वाढवा. हे उत्तर कुठून आले आणि त्याने काय साधले, हे आज पाहू.

सुरुवात घरच्या अंगणातूनच करतो. २०१९ चे नवरात्र. कोराडीला नवरात्रात काय गर्दी असते, हे नागपूरकरांना सांगायला नको. छिंदवाडा रस्त्याने रात्रभर माणसांची रांग चाललेली असते, कित्येक जण अनवाणी. एका बाजूला वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला तळे, आणि मधल्या रस्त्यावर बांबूचे कठडे बांधून उभे असलेले पोलीस. त्यातले निम्मे बाहेरून बंदोबस्तासाठी आलेले असतात. त्यांना गाव माहीत नसते आणि गावाला ते.

रात्री नऊचा सुमार असेल. एक पोरगा मागे आजीला बसवून मोटारसायकल घेऊन आला. आजीला चालवत नाही, गाडी आत सोडा, असे त्याचे म्हणणे. शिपाई म्हणाला, गाडी इथेच लावायची. शब्दाला शब्द लागला. शिपायाने काठी हँडलवर आपटली. पोरगा उतरला आणि त्याने शिपायाची कॉलर धरली. झटापटीत वर्दीचे दोन बटण तुटले, शिट्टीची दोरी तुटली. क्षणात पन्नास माणसे जमली. कोणी म्हणत होते सोडा, कोणी म्हणत होते हाणा. पोराला मारायचे की पोलिसाला, ते मात्र कळत नव्हते. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढे आली आणि पोराला म्हणाली, "अरे बापा, त्याच्याबी मायनं त्याले डबा बांधून देल्ला असंन ना!" पोराचा हात खाली आला.

पुढचा प्रसंग चौकीतला. मी शिक्षक माणूस, पोरगा ओळखीतला, म्हणून गेलो. फौजदारांनी विचारले, "काय करतोस?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "पोलीस भरतीची तयारी करतो साहेब." खोलीतले सगळेच गप्प झाले. गुन्हा दाखल झाला असता तर चारित्र्य पडताळणीच्या कागदावर तो वर्षानुवर्षे चिकटून राहिला असता. भरतीचे वय निघून गेले असते. पण त्या शिपायाचेही ऐका. तो म्हणाला, "साहेब, दोन दिवसांपासून उभा हाय मी. पाय सुजले, त्याचं काही नाही. पण चार लोकांत कॉलर धरली ना, ते उतरत नाही."

शेवटी पोराने माफी मागितली, कागदावर काही लिहून दिले आणि प्रकरण मिटले. शिपाई काही बोलला नाही. तुटकी दोरी गाठ मारून शिट्टी गळ्यात घातली आणि पुन्हा कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. हे असे मिटवणे कायद्याच्या पुस्तकात बसते की नाही, आणि त्या शिपायाला न्याय मिळाला की नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. त्या रात्री गुन्हा दाखल झाला असता तर कमाल शिक्षा होती पाच वर्षे. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०१७ मध्ये, तेच घडले असते तर होती दोन वर्षे. आणि पाच वर्षांनंतर, २०२४ च्या नवरात्रात घडले असते तर? पुन्हा दोन वर्षे. तीच कॉलर, तीच शिट्टी, आकडा मात्र दोन, पाच आणि पुन्हा दोन. हे कसे झाले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. तो वीस-बावीस वर्षे सरकारी कपाटात पडून होता. १८५७ चा उठाव झाला, इंग्रजांची झोप उडाली आणि १८६० मध्ये तो कायदा झाला. १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. त्याच्या पाठोपाठ १८६१ चा पोलीस कायदा आला. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी जे पोलीस दल उभे केले होते, ते नागरिकांमधून आलेले, सहसा शस्त्र न बाळगणारे दल होते. हिंदुस्थानसाठी मात्र नमुना निवडला आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे जिंकलेल्या मुलखावर वचक ठेवणाऱ्या सशस्त्र दलाचा. ही निवड पुढच्या सगळ्या कहाणीच्या मुळाशी आहे.

दंड संहितेत सरकारी नोकराच्या संरक्षणासाठी एक उतरंडच रचलेली होती. त्याच्या कामात नुसता अडथळा आणला तर कलम १८६, तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. त्याला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केला तर कलम ३५३, दोन वर्षांपर्यंत. त्यात दुखापत झाली तर कलम ३३२, तीन वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत झाली तर कलम ३३३, दहा वर्षांपर्यंत. दंगल शमवणाऱ्या अधिकाऱ्यावर हल्ला केला तर कलम १५२, तीन वर्षांपर्यंत. शिवाय कलम ९९ म्हणत होते की, अधिकारी सद्‌भावनेने आपल्या पदाच्या नात्याने काही करत असेल, तर ते काटेकोरपणे कायद्यात बसत नसले तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येणार नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तेवढाच अपवाद. थोडक्यात, शिपायाभोवती कायद्याची भिंत पहिल्या दिवसापासून उभी होती, आणि ती काही ठेंगणी नव्हती.

या भिंतीने शिपाई सुरक्षित झाला का? इथे नागपूरशी संबंधित एक नाव घेतले पाहिजे. अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते आणि त्यांचे मुख्यालय आपले नागपूर. १९०२-०३ मध्ये लॉर्ड कर्झनने जो पोलीस आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. इंग्रज सरकारनेच नेमलेल्या या आयोगाचा निष्कर्ष कोणाही बंडखोराच्या तोंडी शोभेल असा होता: पोलीस दल कार्यक्षम नाही, आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात. शिपायाचा पगार अपुरा आहे, हेही आयोगाने नोंदवले. म्हणजे चाळीस वर्षे कायद्याची भिंत उभी होती, पण तिच्या आत उभा असलेला माणूस अर्धपोटी होता आणि बाहेर उभा असलेला माणूस त्याचा द्वेष करत होता.

तो द्वेष कुठवर गेला, हे ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्यात दिसले. पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने ठाण्याला आग लावली आणि बावीस पोलीस प्राणास मुकले. गांधीजींनी असहकाराचे आंदोलनच थांबवले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना हे पटले नाही. खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती एकोणीस जणांपुरती कायम केली. इतकी जबर शिक्षा झाल्यावर देशात पुन्हा कोणी पोलिसावर हात उचलायला नको होता. पण तसे झाले नाही.

सोलापूर, ८ मे १९३०. गांधीजींच्या अटकेने शहर पेटलेले. पोलिसांचा गोळीबार झाला, जमाव मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर चालून गेला आणि पोलीस मारले गेले. १२ मे रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. सोलापूर आजही त्यांना हुतात्मे म्हणून पुजते. घटनेपासून फाशीपर्यंत सारे आठ महिन्यांत उरकले होते. कडक शिक्षा आणि झटपट शिक्षा, दोन्ही होते. नव्हता तो लोकांचा विश्वास. ही माणसे खरोखर दोषी आहेत आणि त्यांना शिक्षा देणारे सरकार आपले आहे, असे सोलापूरला वाटत नव्हते. म्हणून शिक्षेने धाक बसला नाही, हुतात्मे तयार झाले.

आणि मग आपल्या विदर्भातला १६ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी नागपंचमी होती. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला एकाच दिवशी भडका उडाला. चिमूरला गोळीबारानंतर संतापलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, पोलीस मंडळ निरीक्षक जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. आष्टीला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. तिथेही गोळ्या चालल्या, सत्याग्रही पडले, आणि नंतर फौजदार मिश्रा व त्यांचे काही शिपाई मारले गेले. चिमूरमध्ये पुढे लष्कर शिरले. तिथल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. आरोपींचे खटले वटहुकमाने स्थापन केलेल्या विशेष न्यायालयांपुढे चालले. कित्येकांना फाशी सुनावली गेली. त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी अथक धावपळ केली, देशभरातून आवाज उठला, आणि शेवटी १९४५ मध्ये उरलेल्यांची फाशी रद्द होऊन ती जन्मठेपेवर आली.

चिमूर-आष्टीचे पोवाडे आम्ही लहानपणी ऐकले. हुतात्म्यांपुढे मान लवते आणि लवलीच पाहिजे. पण वय वाढल्यावर एक गोष्ट टोचू लागली. त्या दिवशी मेलेला तो शिपाई कोण होता? तोही इथल्याच मातीतला, तुटपुंज्या पगाराचा माणूस असणार. त्याच्याही घरी नागपंचमी असेल, तवा बंद असेल, कानवले उकडले असतील. तो परक्या सरकारचा हात होता हे खरे. पण हाताला जखम झाली आणि डोके सुरक्षित राहिले. सत्तेने चूक करायची आणि तिची किंमत नाक्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांत खालच्या माणसाने मोजायची, हा आपल्या पोलिसांच्या इतिहासातला सगळ्यांत जुना नियम आहे.

१९४७ नंतर सरकार आपले झाले. शिपाईही आपला झाला. आता त्याच्यावर हात उचलण्याला देशभक्तीचे नाव देता येत नाही. तरी जमावाच्या मनातला १९४२ काही गेला नाही. ठाण्यावर दगड मारणे म्हणजे काहीतरी पराक्रम, ही समजूत राहिलीच. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, पोलिसांच्या मनातली आयरिश कॉन्स्टॅब्युलरीही पूर्ण गेली नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारींचा मोर्चा आठवा. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली, त्यात बहुसंख्य बायका आणि मुले. आज सीताबर्डीवरून उड्डाणपुलाने जाताना त्या पुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे, हे किती जणांच्या लक्षात येते कोण जाणे. पोलिसावर उठलेल्या हाताबद्दल बोलताना पोलिसाच्या हातातल्या काठीबद्दल बोलायचे नाही, असे करून हा विषय पुरा होत नाही.

आता अलीकडच्या काळात येऊ. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईच्या आझाद मैदानावर सभेनंतर दंगल झाली. पोलिसांवर हल्ले झाले, महिला पोलिसांशी अत्यंत घृणास्पद वर्तन झाले. महाराष्ट्र सुन्न झाला. त्यानंतर चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईतल्या खारमध्ये वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवले. त्याने मोठ्या भावाला बोलावले आणि शिंदे यांच्या डोक्यावर प्रहार झाला. ३१ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. सातारा जिल्ह्यातला हा माणूस एका हेल्मेटपायी गेला. त्या दिवसांत पोलीस वसाहतींतून जो संताप व्यक्त झाला तो खरा होता. पोलिसांच्या बायका विचारत होत्या की, रक्षण करणाऱ्याचे रक्षण कोण करणार? त्याला उत्तर देणे सरकारला भाग होते.

महाराष्ट्राने उत्तर दिले ते कलमातल्या आकड्याने. राज्याची दुरुस्ती जून २०१८ मध्ये अमलात आली. कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे झाली, कलम ३३२ ची तीनवरून पाच. हे खटले आता सत्र न्यायालयात चालतील, असेही ठरले. ऐकायला हे मोठे वाटते. पण थोडा हिशेब करून पाहा. विलास शिंदे यांचा जीव घेणाऱ्याला शिक्षा द्यायला खुनाचे कलम आधीपासून होतेच, आणि त्यात जन्मठेप व फाशी होती. गंभीर दुखापतीला दहा वर्षे आधीच होती. म्हणजे ज्या घटनेने समाज हादरला तिच्यासाठी कायदा अपुरा नव्हता. बदल झाला तो उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर, जिथे ढकलाढकल असते, कॉलर असते, तुटलेली शिट्टीची दोरी असते.

शिवाय हे कलम एकट्या पोलिसाचे नाही. ते तलाठ्याचे आहे, ग्रामसेवकाचे आहे, वीज मंडळाच्या कर्मचाऱ्याचे आहे, कचेरीतल्या कारकुनाचे आहे. लवकरच दुसऱ्या बाजूने तक्रारी येऊ लागल्या. कार्यालयात जाब विचारायला गेलो, आवाज चढला आणि ३५३ लागले, असे कार्यकर्ते सांगू लागले. विधिमंडळातले सदस्यही हेच म्हणू लागले. वास्तविक दंड संहितेतच लिहिलेले होते की, नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माणिक तनेजा यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. बंगळूरच्या एका दांपत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ लावले गेले होते. न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतका पैसा आणि वेळ कोराडी-महादुल्याच्या माणसाकडे असतो का?

आणि आता त्या आकड्याची गंमत पाहा. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्याबरोबर महाराष्ट्राची दुरुस्तीही गेली. नव्या संहितेचे कलम १३२ म्हणजे जुने ३५३. शिक्षा? दोन वर्षांपर्यंत. कलम १२१ म्हणजे जुने ३३२ आणि ३३३ एकत्र. तिथे दुखापतीला पाच वर्षे राहिली आणि गंभीर दुखापतीला एक ते दहा वर्षे. अडथळ्याचा दंड पाचशेचा अडीच हजार झाला. म्हणून ३० जून २०२४ च्या रात्री ज्याने शिपायाची कॉलर धरली त्याला कमाल पाच वर्षे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने धरली त्याला दोन. एका रात्रीत शिक्षा निम्म्याहून कमी झाली. कोणाच्या लक्षात आले? नाक्यावरच्या कोणत्या पोराने पाच वर्षांच्या भीतीने हात आवरला होता, आणि कोणाला दोन वर्षे झाल्यावर चेव आला? ज्याचा हात रागाच्या भरात उठतो, त्याच्या डोळ्यांपुढे कलमातला आकडा नसतो.

ही काही आपलीच गोष्ट नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये पोलीस आणि इतर आपत्कालीन सेवकांवरील हल्ल्यांसाठी खास कायदा केला. साध्या हल्ल्याची शिक्षा सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली. समाधान झाले नाही, म्हणून २०२२ मध्ये ती दोन वर्षे केली. मौज अशी की, इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्यासाठी जो आकडा लिहिला होता, त्या आकड्यावर त्यांचा स्वतःचा देश एकशे बासष्ट वर्षांनी पोचला. इटलीतल्या बेकारिया नावाच्या विचारवंताने १७६४ मध्येच सांगून ठेवले आहे की, गुन्हेगाराला आवर घालते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, शिक्षेची खात्री. शिक्षा हलकी असली तरी चालेल, पण ती चुकणार नाही हे माहीत असले पाहिजे.

आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. शिपायाला मारहाण झाली की पहिल्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. पुढे काय? जमलेले पन्नास लोक साक्षीला येत नाहीत. शिपायाची बदली होते. आपल्याच खटल्याच्या तारखेला त्याला दुसऱ्या गावाहून यावे लागते, त्यासाठी बंदोबस्तातून सुटका मिळवावी लागते. शिक्षा वाढवून खटला सत्र न्यायालयात नेला की, कॉलरचा खटला खुनाच्या खटल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणजे ज्या उपायाने शिपायाला लवकर न्याय मिळायचा, तोच न्याय लांबवू शकतो.

मग जेव्हा न्यायालयाची वाट पाहण्याचा धीर सुटतो, तेव्हा काय होते हेही आपण नागपुरात पाहिले. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल आणि हंसापुरी भागांत दंगल उसळली. तिशीहून अधिक पोलीस जखमी झाले. उपायुक्त निकेतन कदम यांच्या हातावर कुऱ्हाडीचा घाव बसला. दंगलीत जखमी झालेल्या एका नागरिकाचाही नंतर मृत्यू झाला. पोलिसांवर असा हल्ला करणाऱ्यांना कठोर शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण आठवडाभरात बुलडोझर निघाला आणि मुख्य आरोपी म्हटल्या गेलेल्या माणसाचे घर पाडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २४ मार्चला अशा कारवाईला स्थगिती दिली. खटल्याआधीच शिक्षा देऊ लागलो, तर सोलापूरच्या लष्करी कायद्यात आणि आपल्यात अंतर ते काय राहिले? आणि त्या बुलडोझरने जो संताप मागे राहतो, तो उद्या कोणाच्या अंगावर येतो? पुन्हा नाक्यावरच्या शिपायाच्याच.

श्रोतेहो, पोलिसांसाठी काहीच करू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट पुष्कळ करायचे आहे आणि त्याला नवे कलम लागत नाही. पोलिसावरील हल्ल्याचा साधा खटला सहा महिन्यांत निकाली निघाला, तर दोन वर्षांचे कलमही पुरेसे धारदार ठरेल. बंदोबस्तातल्या शिपायाच्या छातीवर कॅमेरा असला, तर कोणी कोणाची कॉलर आधी धरली हे पन्नास साक्षीदारांपेक्षा तो नीट सांगेल. ते चित्रण शिपायाला वाचवेल आणि निरपराध पोरालाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हा त्यांतलाच एक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायद्यात तरतूद केली. अन्याय झाला तर दाद मागायला जागा आहे, हे लोकांना माहीत असले की रस्त्यावर हात उगारायची गरज कमी होते. आणि ज्याला दोन-दोन दिवस उभे केले जाते, त्या माणसाची पाळी वेळेवर बदलली, त्याला बसायला जागा आणि प्यायला पाणी मिळाले, तर त्याची काठीही कदाचित हँडलवर आपटणार नाही.

शिक्षा वाढवायला खर्च येत नाही. एका अधिवेशनात हात वर केले की झाले. न्यायालये, कॅमेरे, मनुष्यबळ, आठ तासांची पाळी, यांना पैसा लागतो आणि चिकाटी लागते. म्हणून आपण आकडा वाढवतो आणि शिपायाला सांगतो की तुझी काळजी घेतली. त्या भाबड्या माणसालाही काही दिवस तसे वाटते.

कोराडीच्या त्या रात्रीकडे परत येतो. तो पोरगा पुढे भरतीत उतरला. पहिल्या खेपेला धावण्यात मागे पडला, दुसऱ्या खेपेला निवडला गेला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे. गेल्या नवरात्रात त्याची ड्युटी कुठल्यातरी देवीच्या यात्रेत लागली होती. त्याने फोन केला होता. म्हणाला, "सर, एकानं आज मले धक्का मारला. मी त्याले पाहिलं, अन् मले आपली कोराडी आठवली." मी विचारले, "मग काय केलेस?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "त्याले बाजूले घेतलं, नाव लिहून घेतलं, अन् त्याच्या म्हाताऱ्या मायले आत सोडलं."

त्या पहिल्या शिपायाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. त्याचे नावही मी त्या रात्री विचारले नाही. पोराची बाजू घेऊन गेलो होतो ना! आज वाटते, त्याच्या शिट्टीला नवी दोरी तरी घेऊन द्यायला हवी होती.